ट्रंक अद्याप मिळालेली नाही

मी, सुलोचना सखाराम नगराळे, वय पूर्ण एकोणऐंशी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, राहणार सिंदी (रेल्वे), तालुका सेलू, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात, राजीखुशीने आणि दोन कप चहा पिऊन लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. असतं तर हे इतकं लांबलं नसतं. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. वैभव भोयर यांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजची तारीख विचारली. ती मी सांगितलीच, शिवाय त्यांच्या दवाखान्यातलं कॅलेंडर अजून सप्टेंबरातच अडकलं आहे हेही सांगितलं. दाखला लगेच मिळाला.

याआधी मी एकही मृत्युपत्र केलेलं नाही. पत्रं मात्र आयुष्यभर लिहिली, आणि त्यातलं एक खोटं लिहिलं. त्या एका पत्रापायी वर्ध्याचे नाटकवाले प्रभाकरराव उरकुडे शेहेचाळीस वर्षं चोर म्हणवून घेत आले आहेत. तो डाग पुसण्यासाठी हा कागद आहे. घरदार आणि भांडीकुंडी वाटेत आली म्हणून तीही वाटून टाकते.

माझ्या वकील उज्वलाताई म्हणाल्या, "मावशी, चार कलमांत आटपा. किस्से नका घालू." कलमं मी घातली आहेत. किस्से त्यांनी वाचताना गाळून घ्यावेत.

कलम पहिलं. आमच्या घराचा पुढचा हिस्सा माझे थोरले भाऊ, कादंबरीकार प्रेमदास नगराळे, यांचा होता. दादा २००९ साली गेला. तो हिस्सा त्याचा मुलगा रुपेश याच्याकडे आहेच. मागच्या दोन खोल्या माझ्या नावावर आहेत, त्याही माझ्या पश्चात रुपेशलाच मिळाव्यात. अट एकच, मागच्या दाराजवळचं सीताफळाचं झाड तोडायचं नाही. रुपेशच्या मते ते झाड गाडीच्या आड येतं. माझ्या मते गाडी झाडाच्या आड येते, आणि झाड आधी आलं आहे.

कलम दुसरं. बँकेतली ठेव रुपेशची मुलगी मयुरी हिला. त्या ठेवीचं काय करावं हे मी सांगत नाही, कारण सांगून उपयोग नाही, ती नाटकच करणार. शिलाई मशीन शेजारच्या मेघाला, कारण ती त्याच मशीनवर शिकली आणि तिनेच ते बिघडवलं. पुस्तकं शाळेला. माझा स्वयंपाकाचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, वस्तीतल्या हरिदासजींच्या घरी आहे. बारशाला म्हणून नेला होता, त्या बाळाचं मागच्या उन्हाळ्यात लग्न झालं, आणि जेवणावळीत वरण माझ्याच गंजातून वाढलं गेलं हे मी डोळ्यांनी पाहिलं. तो गंज आता हरिदासजींनाच द्यावा. मात्र तो मी दिला, असं चार माणसांत मोठ्याने सांगावं.

कलम तिसरं. आता मुद्द्याचं. आमच्या वस्तीत मी मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. त्यामुळे अख्ख्या वस्तीची पत्रं माझ्याकडे. बाया ओट्यावर बसून सांगायच्या, मी लिहायची. माझी एक खोड होती, आजही आहे. सांगितलेलं जसंच्या तसं माझ्या हातून उतरत नाही. मी सुधारते. गिरजाबाईंनी एकदा जावयासाठी पोटभर शिव्या सांगितल्या. मी लिहिलं, "आंबे उतरले आहेत, लेकीला घेऊन चार दिवस यावे." जावई आला, त्याने आंबे खाल्ले, गिरजाबाईंनी शिव्या त्याला समोर बसवून दिल्या, आणि दोघंही समाधानाने झोपले. गावात कोणाची तक्रार नव्हती. तक्रार नसली की खोड वाढते.

दादाची पत्रंही मीच लिहायची. दादाचा हात कादंबरीला चालायचा, पत्राला नाही. आलेलं पत्र तो वाचायचा, माझ्यापुढे टाकायचा आणि म्हणायचा, "सुले, लिहून टाक त्याले कायतरी." खाली "आपला, प्रेमदास नगराळे" ही सहीसुद्धा मीच करायची. त्याच्यापेक्षा ती मला चांगली जमायची, हे तो स्वतः कबूल करायचा.

कलम चौथं. दादाची 'रुईचे दिवस' ही कादंबरी १९७४ साली छापली गेली. जिनिंगमध्ये रेच्यावर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या यंत्रावर, काम करणाऱ्या कौसीची ती गोष्ट. नवरा टाकून देतो, मुकादम छळतो, आणि शेवटच्या पानावर कौसी आपल्या सिंदीच्याच रुळावर जाऊन झोपते. लोक म्हणाले, काय शेवट आहे! छापखान्यासाठी त्या कादंबरीची पक्की प्रत मी तीनदा केली होती. म्हणजे तीन वेळा मी माझ्या हाताने कौसीला रुळावर झोपवलं होतं. मला ती फार आवडायची. वस्तीतल्या निम्म्या बाया तिच्यात होत्या, आणि त्या सगळ्या जिवंत होत्या.

१९७९ साली प्रभाकररावांचं पत्र आलं. ते वर्ध्याच्या कॉलेजात शिकवायचे, घरची भाजीपाल्याची शेती, आणि नाटकाचं वेड असं की कांदे तोलतानाही संवाद म्हणायचे. कादंबरीवर नाटक करतो, असं ते म्हणत होते. मागे-पुढे चोवीस पत्रं झाली. शेवटी त्यांनी मुद्द्याचं विचारलं: रंगमंचावर कौसीला मारावंसं वाटत नाही, तिला आपली ट्रंक घेऊन नागपूरच्या गाडीत चढू देता येईल का?

दादा ओट्यावर दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, "नाई म्हन त्याले. एका शब्दात लिहून टाक."

मी दोन पानं लिहिली आणि हो म्हटलं. "कौसी गाडीत चढते तेव्हा तिने मागे वळून पाहू नये, आणि ट्रंक तिची तिने उचलावी," अशी सूचनाही केली. खाली दादाची सही केली. तारीख ११ ऑक्टोबर १९७९. पत्र मीच पोस्टाच्या पेटीत टाकलं. चौथ्यांदा तिला मारायला हात चालला नाही, एवढंच माझं कारण आहे. तेव्हा ते पुरेसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर आजही वाटतं.

कलम पाचवं. प्रयोग सिंदीतच झाला, १६ डिसेंबर १९७९, रविवारी, रेल्वे लाइनच्या बाजूच्या मैदानात, दिवसाउजेडी. प्रभाकररावांची कल्पना अशी की शेवटी खऱ्या पॅसेंजरची खरी शिट्टी वाजावी, कौसीने ट्रंक उचलावी आणि पडदा पडावा. नाटक गाडीच्या वेळेला बरोबर संपेल असं बसवलं होतं. ज्यांचा जन्म त्या पॅसेंजरची वाट पाहण्यात गेला, त्या माणसांनी तिच्या वेळापत्रकावर नाटक बसवावं, ही चूक आमच्याच गावाला सुचू जाणे.

गाडी चार पन्नासची होती. चार पन्नास झाले, पाच झाले. कौसी ट्रंकेवर बसून होती. तिचे संवाद संपले. मुकादमाचं काम करणाऱ्याचेही संपले, तरी तो येऊन तिला पुन्हा एकदा छळून गेला. सव्वापाचला लोक कौसीशीच बोलायला लागले.

"बसून काऊन राह्यली वं? जाय ना!"

"गाडी लेट हाय बाई, घाबरू नोको!"

एका बाईने तिला चहा नेऊन दिला. कादंबरी वाचलेल्या एका मास्तरांनी मागून सांगितलं की ही शेवटी मरते. त्याबरोबर सगळ्या बाया उठून उभ्या राहिल्या. "मरते कशी? मरू नोको वं कौसे! आमी हाओत!" गिरजाबाई तर सरळ रंगमंचावर चढून तिच्याजवळ जाऊन बसल्या.

सहा वाजता शिट्टी वाजली. कौसीचं काम करणाऱ्या नागपूरच्या बाईंना घरी जायला तीच गाडी होती, दुसरी नव्हती. त्या उठल्या, ट्रंक उचलली, आणि पडद्याची वाट न पाहता थेट लोकांमधून स्टेशनाकडे चालू लागल्या. लोकांना वाटलं, नाटकच आहे. सातशे माणसं मागे निघाली. ट्रंक जड होती, कारण ती खरी होती, माझी होती, आणि वजन यावं म्हणून मी तिच्यात शाळेच्या वह्या भरल्या होत्या. बाई अडखळल्या. तेव्हा गर्दीतून दादा पुढे झाला. होय, कादंबरीकार प्रेमदास नगराळे. ट्रंकेची एक कडी त्याने धरली, एक मी. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. "चढ कौसे, चढ लवकर!" असं तो ओरडत होता, आणि सातशे माणसं त्याच्यामागे तेच ओरडत होती. ट्रंक आम्ही दोघांनी डब्यात ढकलली, गाडी सुटली, आणि प्लॅटफॉर्मवर जी टाळी पडली तशी मी पुन्हा कधी ऐकली नाही. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस. हे लिहिताना मी एकटीच हसते आहे आणि मेघा खिडकीतून बघते आहे.

कलम सहावं. आता लाजेची गोष्ट. आठवड्याने पेपरात छापून आलं की नाटकाचा शेवट पुस्तकापेक्षा सरस आहे. तो सरस शब्द दादाला लागला. त्याने मला समोर बसवलं आणि पेपरला पत्र सांगितलं: माझ्या परवानगीशिवाय माझ्या कादंबरीचा शेवट बदलला, प्रभाकर उरकुडे हा चोर आहे. ते पत्र मी लिहिलं. आयुष्यात त्या एकाच पत्रात मी एक शब्दही सुधारला नाही. सुधारायचं होतं तेव्हा हात गप्प बसला.

पत्र छापलं गेलं. वर्ध्यात प्रभाकररावांकडे लोक बोट दाखवू लागले, त्यांची नाटकमंडळी फुटली, आणि त्यानंतर त्यांनी एकही नाटक केलं नाही. परवानगीचं पत्र त्यांच्याकडे होतं. ते दाखवलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. चार वर्षांनी वर्ध्याच्या एसटी स्टँडवर ते भेटले तेव्हा मी विचारलं, "काऊन नाई दाखवलं?"

ते म्हणाले, "अक्षर तुमचं होतं, बाई. तुमी भावाच्या घरी राहता."

एवढंच बोलून ते देवळीच्या बसमध्ये चढले. मी तिथे उभी राहून रडले आणि सिंदीला परत येऊन दादाला गरम पोळ्या वाढल्या. भित्रेपणा असा असतो. त्याला रोज सवड मिळते.

कलम सातवं. माझी ट्रंक मात्र त्या गाडीबरोबर नागपूरला गेली ती गेलीच. तिच्याबद्दल मी प्रभाकररावांना १९८० ते १९९१ या काळात एकोणीस पत्रं लिहिली, आणि ती माझ्या स्वतःच्या नावाने. प्रत्येकाची सुरुवात, "सप्रेम जयभीम. ट्रंक अद्याप मिळालेली नाही." पुढे ट्रंकेअभावी माझे काय हाल होतात ते लिहायची. गोधड्या कुठे ठेवते, वस्तीत काय चाललंय, गिरजाबाई आता कोणाला शिव्या देतात, शाळा तपासायला आलेल्या साहेबांच्या खुर्चीचा पाय कसा मोडला. उत्तर दर वेळी एका ओळीचं, "तपास चालू आहे." शेवटी मी कंटाळून पत्रं लिहिणं सोडलं. ही ट्रंक कोणाकडे सापडल्यास ती मयुरीची समजावी, आणि ज्याच्याकडे सापडेल त्याला माझ्या वतीने चांगलं झापावं.

प्रभाकररावांची सगळी पत्रं आणि वह्यांमधले माझ्या पत्रांचे कच्चे खर्डे मिळून बिस्किटाच्या दोन डब्यांत आहेत. एका विद्यापीठाच्या संग्रहासाठी प्रफुल्ल नावाचे गृहस्थ पांढरे हातमोजे घालून ती पाहायला आले होते. कादंबरीकाराच्या घराण्यातला नाट्यरूपांतराचा वाद त्यांना हवा होता. हातमोजे घालून त्यांनी दोन तास गोधड्या आणि खुर्चीचा पाय वाचला, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. डबे त्यांच्या संग्रहाला द्यावेत. रुपेशचं म्हणणं, ११ ऑक्टोबरच्या पत्राचा खर्डा आधी काढून घ्यावा, "बाबाचं नाव खराब होईन, आत्या." तो काढायचा नाही. सगळं द्यायचं, नाहीतर काहीच नाही.

कलम आठवं. 'रुईचे दिवस' या कादंबरीचे सगळे हक्क दादाने त्याच्या मृत्युपत्राने मला दिले आहेत. ते माझ्या पश्चात मयुरीला मिळावेत. मयुरी येत्या १४ डिसेंबरला त्याच मैदानात तेच नाटक करते आहे. रुपेशने तिला बजावलं आहे की शेवट पुस्तकातलाच ठेव, नाहीतर आजोबांचं नाव लावू नको. हक्क आज माझे आहेत, म्हणून आजच लिहून देते: कौसी गाडीत चढेल. हँडबिलावर रूपांतर म्हणून प्रभाकरराव उरकुडे यांचं नाव ठळक अक्षरात छापावं, आणि पडदा उघडण्याआधी रंगमंचावरून हे वाचावं: "शेवट बदलण्याची परवानगी प्रेमदास नगराळे यांच्या सहीने मिळाली होती. ती सही त्यांच्या बहिणीने केली. प्रभाकररावांनी काहीही चोरलेलं नाही."

उज्वलाताईंनी इथे पेन्सिलीने लिहिलं, "मावशी, मृत्युपत्र तुमच्या मागे उघडतात. तुम्ही एकोणऐंशीच्या, ते चौऱ्याऐंशीचे. त्यांच्या कानावर हे कधी जाणार?"

ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. म्हणून असं ठरवलं की सही करण्याआधी हे सगळ्यांदेखत मोठ्याने वाचायचं आणि पहिले साक्षीदार प्रभाकररावांनाच करायचं. उज्वलाताई म्हणतात, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार न झालेलं बरं. म्हणून स्पष्ट लिहिते, प्रभाकररावांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. त्यांचं त्यांना परत मिळतं.

सहीपूर्वीची पुरवणी, आज दुपारची. हे लिहिताना अजून हसू आवरत नाही. उज्वलाताई साक्षीदार आहेत... म्हणजे कायद्याने नाहीत, पाहणाऱ्या म्हणून.

दोन वाजता दारात ऑटो थांबला. ऑटोवाल्याने आधी प्रभाकररावांना उतरवलं आणि मग एक ट्रंक उतरवली. हिरवी, पत्र्याची, झाकणावर पांढऱ्या रंगात "कु. सु. स. नगराळे". मी पाहत राहिले. आधी वाचन होऊ द्या, अशी त्यांनी हाताने खूण केली. मयुरीने वरचं सगळं वाचलं. गंजापाशी सगळे हसले. सहाव्या कलमाला कोणी हसलं नाही.

वाचन संपल्यावर पहिला बोलला रुपेश. "आत्या, बाबानं खरंच ट्रंक उचलली होती?"

"एक कडी त्यानं, एक मी."

"अन् रडून राह्यले होते?"

"धार लागली होती, रुपेश. चढ कौसे म्हणून सगळ्यांत मोठ्यानं तोच ओरडत होता."

रुपेशने सीताफळाच्या झाडाकडे पाहिलं. मग मयुरीला म्हणाला, "मंग चढू दे तिले."

तेव्हा प्रभाकररावांनी घसा साफ केला. "बाई, सही करायच्या आधी माह्यं बी एक आयका. हे ट्रंक त्या नागपूरच्या बाईनं तिसऱ्याच दिवशी वर्ध्याले पोचती केली होती. तवापासून माह्याच घरी हाय."

"शेहेचाळीस वर्षं? काऊन?"

"तुमचं पत्र आलं का आमच्या शालूबाई चहा ठेवत. मी मोठ्यानं वाचो, घरचे सारे आयकत. पोट धरधरून हासत. मी ट्रंक परत करतो म्हनलं का शालूबाई आडव्या येत. ट्रंक दिली का पत्र बंद होईन म्हनत. तुमाले लिहायले लावायले आमच्यापाशी दुसरं कारनच नोतं, बाई. मंग तुमीच थांबल्या. शालूबाईनं दोन वर्षं पोस्टमनची वाट पाह्यली."

शालूबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, सहा वर्षांपूर्वी गेल्या. मी त्यांना कधी पाहिलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं लिहिली, आणि माझी स्वतःची वाचायला वर्ध्यात एक अख्खं घर चहा ठेवून बसायचं, हे मला आज कळलं. मी ट्रंक उघडली. आत माझी एकोणीस पत्रं तारखेवार लावलेली, आणि सगळ्यात वर ११ ऑक्टोबरचं, लॅमिनेशन केलेलं.

म्हणजे मी वरती आठ कलमं खर्ची घालून ज्याला निर्दोष ठरवलं, तो माणूस चोर निघालाच. शेवटाचा नाही, ट्रंकेचा. दुसऱ्या साक्षीसाठी आलेल्या डॉ. भोयरांनी माझी नाडी पाहिली आणि ठीक आहे म्हणाले. सातव्या कलमात लिहिलेलं झापण्याचं काम मी स्वतः, हयातीतच, पार पाडलं. ते त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं, आणि मग आम्ही इतके हसलो की मेघा हातातलं काम सोडून धावत आली.

त्या अनुषंगाने शेवटची सूचना. १४ डिसेंबरला कौसी हीच ट्रंक घेऊन खऱ्या गाडीत चढेल. गाडी आता नवी आहे, तिची उशिरा येण्याची रीत जुनीच आहे, तरी बायांनी चहाची सोय करून ठेवावी. ट्रंक नागपूरहून परत आणायची जबाबदारी साक्षीदार क्रमांक एक यांची राहील. ती वेळेत परत न आल्यास मी पत्र लिहीन.

लिहून ठेवणार: सुलोचना सखाराम नगराळे
(सही स्वतःची, स्वतःच्या नावाची)

साक्षीदार:
१. प्रभाकरराव महादेव उरकुडे, वर्धा. ट्रंक पोचती केली. परत नेण्याचा विचार आहे.
२. डॉ. वैभव भोयर, सिंदी (रेल्वे). कॅलेंडर बदललं आहे.

स्थळ: सिंदी (रेल्वे), मागच्या खोलीत, सीताफळाच्या झाडासमोर
दिनांक: २२ नोव्हेंबर २०२५, शनिवार